जयवंतबुवांचा भाता

जयवंत गावडेला आमच्या कन्नमवार नगरात सगळे बुवा म्हणतात. मी त्याच्या शेजारच्या बिल्डिंगमधला, लहानपणापासून त्याच्याबरोबर वाढलेला आणि त्याच्या भजनी मंडळात झांज धरणारा, म्हणून मला तेवढी नुसतं जयवंत म्हणायची मुभा. त्याचे वडील धाकू गावडे लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा खोली विकून विक्रोळीला आले. जयवंत इथल्याच एका कारखान्यात स्टोअरला लागला. पण ती झाली नोकरी. त्याचं खरं नाव झालं ते डबलबारीत.

डबलबारी म्हणजे एका मंचावर दोन बुवा, दोन मंडळं. आळीपाळीने गायचं. एकाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच सोडवायचं, मधून मधून एकमेकांना चिमटे काढायचे आणि कोण भारी ते समोरच्या पब्लिकने ठरवायचं. जयवंतचा गजर प्रसिद्ध होता. गजराच्या शेवटी तो वरचा सूर असा धरून ठेवायचा की पखवाजवाला राजेश दोन आवर्तनं जास्तीची वाजवून त्याच्याकडे बघत राहायचा, आता सोडेल, मग सोडेल. सिंधुदुर्गातून आलेल्या माणसांनी भरलेलं मैदान तेवढा वेळ श्वास धरून बसायचं. तोच श्वास जयवंतकडे नव्हता, हे कोणाला माहीत नव्हतं.

दमा त्याला पस्तिशीत लागला. डॉक्टरांनी दोन पंप दिले. निळा पंप दम लागला की ओढायचा. जांभळा मात्र दम असो नसो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. जांभळ्यात स्टेरॉइड, खरा उपचार तोच, निळा फक्त वेळ मारून नेतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जयवंतने महिनाभर जांभळा इमानदारीत घेतला आणि माघी गणपतीत भांडुपच्या बारीला बसला, तर आवाज बसलेला. वरचा सूर लागेचना. समोरच्या बुवाने त्याची पार वाट लावली. घरी येऊन त्याने जांभळा पंप कपाटात कपड्यांच्या मागे सारला. त्या पंपाने आवाज बसतो, काय करू, असं डॉक्टरांना जाऊन विचारावं, हे त्याला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण मग डॉक्टर म्हणाले असते की गाणं बंद करा, ही भीती असावी.

मंडळात त्याने काही सांगितलं नाही. दमेकरी बुवाला बारीची सुपारी कोण देणार? निळा पंप तो धोतराच्या कनवटीला लावायचा आणि समोरच्या बुवाची बारी चालू असताना 'पाणी पिऊन येतो' म्हणून पडद्यामागे जायचा. मी कितीदा बघितलं असेल त्याला जाताना. मला वाटायचं तंबाखू खायला जातो. करोनानंतर तर नुसतं खोकणंसुद्धा लाजेचं झालं.

घरात मात्र दमा लपत नव्हता. मुलगी मानसी शिकली, अंधेरीला एका ऑफिसात लागली आणि तिने बापाच्या औषधांचा ताबा घेतला. नवा जांभळा पंप आणला. त्याच्या पाठीवर आकडा असतो. पंप एकदा दाबला की आकडा एकाने उतरतो. ती ऑफिसला निघायच्या आधी आकडा बघायची. मग जयवंतने वाट शोधली. सकाळ-संध्याकाळ मोरीचं दार लावून नळ सोडायचा आणि पंप तोंडाऐवजी हवेत दाबायचा. दोनदा. आकडा उतरायचा. "शाब्बास बाबा," म्हणून मानसी पर्स उचलायची आणि निघायची.

हे त्याने मला फार नंतर सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

घाटकोपरला सत्यनारायणाच्या पूजेची बारी होती, तिथून सगळं उघडं पडायला लागलं. रविवारची दुपार. समोर मालाडचे नंदकुमारबुवा परब. जयवंतच्याच वयाचा माणूस, पंधरा वर्षांचा प्रतिस्पर्धी, जिभेने तिखट. आयोजकांनी त्या वर्षी हौसेने दोन्ही बुवांना कॉलरला लावायचे बिनतारी माइक दिले होते. जयवंतची पहिली बारी जेमतेम निभली. नंदकुमारबुवांनी गौळण सुरू केली तसा जयवंत उठला आणि पडद्यामागे गेला. माइक बंद करायचं ना त्याच्या लक्षात, ना साउंडवाल्याच्या.

मैदानात अगोदर फुस्स असा आवाज आला. मग पुन्हा फुस्स. मग छातीतली शिट्टी, लांब, जुनी फाटकी पेटी कोणीतरी ओढावी तशी. आणि मग खोकला, आणि खोकल्यातून "आई गो, आई गो." चारही स्पीकरमधून.

पोरं हसायला लागली. नंदकुमारबुवांनी गौळण थांबवली, कान टवकारले आणि बारीतल्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "मंडळी, पेटीचा भाता फाटलेला खूप वेळा पाहिला, बुवांचा भाता फाटलेला आज पहिल्यांदा ऐकला!"

मैदान हसून लोटपोट. मीसुद्धा हसलो. आमच्याच बुवाची फजिती, पण जोक झकास होता. हसता हसता पडद्याच्या फटीतून मला जयवंत दिसला. तो कॉलरच्या माइककडे बघत होता आणि त्याला तो काढता येत नव्हता. मग तो मागच्या मागे निघून गेला. दुसरी बारी राजेशने कशीबशी चालवली.

त्याच आठवड्यात, कामावरून येताना, जिन्यात जयवंत बसला तो उठला नाही. ओठ निळे पडले होते. आम्ही खुर्चीत घालून त्याला खाली आणलं आणि मुलुंडच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे आयसीयूत त्याला छातीच्या डॉक्टर अनुपमा देवधर यांनी बघितलं. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सारून बोलायची सवय, मराठी स्वच्छ. तो बरा होऊन घरी आला, महिन्याने पुन्हा तसाच आत गेला. त्यानंतर पुन्हा एकदा.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी त्याला, सुगंधावहिनीला आणि मानसीला समोर बसवलं.

"रोजचा पंप नियमित चालू आहे ना?"

जयवंतने तोंड उघडायच्या आत सुगंधावहिनी म्हणाली, "डॉक्टर, एक दिवस चुकवलेला नाही. मानसी स्वतः आकडा बघते."

"मला घेऊन दाखवा," डॉक्टर म्हणाल्या.

जयवंतने घेऊन दाखवला. श्वास सोडला, पंप दाबला, सावकाश ओढला, रोखून धरला. अगदी बरोबर. घ्यायचा कसा हे त्याला चांगलं माहीत होतं.

"मग हे घरी का बिघडतंय?" डॉक्टर म्हणाल्या. "इथे असेपर्यंत बरे असता. घरात काहीतरी असणार. धूळ, धूर, मांजर वगैरे?"

मांजर होती. सुगंधावहिनीने पिल्लू असल्यापासून वाढवलेली, तिच्या पायांत घुटमळणारी. त्याच दिवशी संध्याकाळी वहिनीने ती टोपलीत घालून बोरिवलीला बहिणीकडे पोचवली. पडदे उतरवले. कापसाची गादी देऊन टाकली. देवापुढची अगरबत्ती बंद केली. घरात फोडणी बंद, बांगडा तळणं बंद, सुकट तर दाराच्या आत नाही. उकडलेलं खायला लागले तिघंही. "माझ्याच घराने त्यांचा जीव घेतला असता," असं ती आमच्या हिच्याकडे येऊन रडली. जयवंत घरात बसून हे सगळं बघत होता. रिकाम्या खिडक्या बघत होता. आणि सकाळी मोरीत नळ सोडून पंप हवेत दाबत होता.

मी त्याला नंतर विचारलं, अरे, तेव्हा तरी का नाही बोललास? तो म्हणाला, "मांजर गेली ना, तेव्हा उशीर झाला. त्याच्या आधी बोललो असतो तर नुसता खोटा ठरलो असतो. मांजर गेल्यावर कोण ठरलो असतो?"

घर धुऊन पुसूनही दमा हटेना. रक्ताच्या तपासण्या झाल्या, स्कॅन झाला. दम्यावर नवी इंजेक्शनं आली आहेत, पण तपासण्या बघता ती त्याला लागू पडतील असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. ब्रॉन्कियल थर्मोप्लास्टी.

"दम्यात काय होतं," त्यांनी कागदावर झाडासारखी फुफ्फुसाची चित्रं काढली, "या नळ्यांच्या भोवती स्नायूंचा थर असतो. तो जाड होतो आणि चटकन आवळतो. मूठ मिटावी तसा. आपण तोंडातून दुर्बीण आत घालायची, तिच्या टोकाला तारांची छोटी टोपली असते. ती नळीच्या आतल्या भिंतीला टेकवायची आणि थोडी उष्णता द्यायची. थोडं पुढे, पुन्हा उष्णता. त्याने तो थर पातळ होतो. मग आवळायला गेला तरी पूर्वीइतक्या जोराने आवळत नाही. तीन वेळा करायचं, मध्ये किमान तीन-तीन आठवडे. आधी उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग, मग डावीकडचा, शेवटी दोन्हीकडचे वरचे. दमा मुळासकट जात नाही. पंप चालूच राहतो. आणि प्रत्येक वेळेनंतर काही दिवस त्रास वाढतो, हे आधीच सांगते."

जयवंतने एकच प्रश्न विचारला. "आवाज?"

"घसा काही दिवस धरेल. गाता तुम्ही?"

"गायचो," तो म्हणाला.

मानसीच्या कंपनीच्या विम्यातून बरंचसं भागणार होतं. तिची बंगळुरूला बदली आली होती, मोठ्या जागेवर. ती तिने नाकारली, बापाजवळ कोणी असावं म्हणून. हे तिने घरात सहज सांगितलं, चहा गाळता गाळता.

तारखेच्या आधी श्वासाची तपासणी होती, नळीत जोराने फुंकायची. बाहेर बाकावर जयवंतच्या शेजारी माहुलची एक कोळीण बसली होती. हिरूबाय नाव. चाळिशीची, बाजारात मासे विकणारी. निळ्या-जांभळ्या दोन पंपांची कापडी पिशवी तिने गळ्यात घातली होती, मंगळसूत्राच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी.

"दादा, तुमची तारीख कदी?" तिने विचारलं.

जयवंतने सांगितली.

"ती माजी व्हती," हिरूबाय म्हणाली, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. "तुमी आयसीयूतशी आलाव, म्हनून मना फुडं ढकलली. चालतंय. तुमाला जास्ती गरज हाय." मग तिने पिशवीतून जांभळा पंप काढला, तिथेच, लोकांसमोर दोनदा ओढला आणि बाटलीतलं पाणी घेऊन खळखळून चूळ भरायला बेसिनकडे गेली.

जयवंत तिच्याकडे बघत राहिला. चूळ का भरायची हे त्याला ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं असेल तर त्याने ऐकलं नव्हतं.

पहिली वेळ पार पडली. घशात बधिर करणारा फवारा, मग गुंगी. जागा झाला तेव्हा छातीवर कोणी वरवंटा ठेवलाय असं वाटत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, दोन-तीन दिवस खोकला, शिट्टी, ऑक्सिजन. सुगंधावहिनी रात्रंदिवस तिथेच. मानसी ऑफिसचा लॅपटॉप मांडीवर घेऊन खिडकीशी. तिसऱ्या दिवशी सकाळी जरा श्वास लागला आणि नर्सने उशा लावून त्याला बसतं केलं, तेव्हा भेटायला नंदकुमारबुवा परब आले.

मी तिथे होतो. बुवा मालाडहून आले होते, पांढरा सदरा, हातात नारळ आणि जास्वंदीचं फूल. खोलीत पाऊल टाकलं आणि सरळ जयवंतच्या पायांना हात लावला.

"रे, काय करतंस?" जयवंत घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"माका माफ कर, जयवंता," नंदकुमारबुवा म्हणाले. "त्या दिवशी मी लोकांका हसवलंय. माका म्हायत नव्हता. देवाशपथ म्हायत नव्हता. त्या दिसापासून मी बारी केलंय नाय. तू बरो होऊन येयत तेव्हाच पेटीर बसान."

नंदकुमारबुवांनी खिशातून गणपतीची छोटी तसबीर काढली, कॉटच्या बाजूच्या टेबलावर ठेवली, पुढे नारळ ठेवला, फूल वाहिलं. हात जोडून डोळे मिटले. गावी देवळात घालतात तसं गाऱ्हाणं त्यांनी हळू आवाजात सुरू केलं, हॉस्पिटल आहे म्हणून.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सुगंधावहिनीने पदर डोक्यावर घेतला. मीही हात जोडले.

"आज ह्या तुझा लेकरू जयवंत हास्पिटलात येऊन पडला हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"तेना औषधपाण्यात कसलीच कसूर केल्यान नाय म्हाराजा! डॉक्टरान सांगल्यान ता सगळा वेळच्या वेळी घेतल्यान. एक दिवस चुकवल्यान नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सुगंधावहिनी म्हणाली. तिचा आवाज सगळ्यात ठाम होता.

"तरी तेचो श्वास तेका गावना नाय. तेच्या हातून काय चुकला-माकला असात तर पदरात घे, आणि तेका पयल्यासारखो उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

मी डोळे उघडले तेव्हा जयवंतने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. खांदे हलत होते. आम्हाला वाटलं, भरून आलं बिचाऱ्याला. नंदकुमारबुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मानसीने लॅपटॉप बंद केला आणि डोळे पुसले. आणि त्या खोलीत एकच माणूस होता ज्याला ठाऊक होतं की आता देवालाही खोटं सांगून झालं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

दुसऱ्या वेळेच्या आधी डॉक्टर देवधरांनी तपासायला बोलावलं. सुगंधावहिनी बरोबर होती, मानसी रजा घेऊन आली होती. डॉक्टरांनी छाती ऐकली, खुर्चीत बसल्या, चष्मा डोक्यावर सारला. "छान. डावीकडचं पुढच्या आठवड्यात करू."

"नको," जयवंत म्हणाला.

"घाबरलात का?"

"नाही. मी पंप घेत नव्हतो."

कोणाला काही कळलं नाही. तो पुन्हा बोलला, जमिनीकडे बघत. "जांभळा. रोजचा. मी घेत नव्हतो. पहिला महिना सोडला तर कधीच नाही. त्याने माझा आवाज बसला होता एकदा. मोरीत हवेत मारायचो, आकडा उतरायला."

सुगंधावहिनीने आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग मुलीकडे, जणू कोणीतरी हे खोडून काढेल. मानसी एकच वाक्य बोलली, "बाबा, मी आकडा बघायचे रे." आणि उठून बाहेर गेली.

डॉक्टर म्हणाल्या, "गावडे, तुमच्या फुफ्फुसात मी तार घालून शेक दिलाय. हे सगळं नीट घेऊनही ज्यांचा दमा आवरत नाही, त्यांच्यासाठी असतं."

"माहीत आहे."

"माहीत होतं, तरी आडवे झालात टेबलावर?"

त्याने मान हलवली. डॉक्टर चिडल्या होत्या, पण आवाज चढला नाही. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "माझीही चूक आहे. मी तुम्हाला विचारलं आणि उत्तर तुमच्या मिसेसनी दिलं, ते मी धरून चालले. तुम्ही इथे आलात की बरे होत होता. इथे नर्स औषध देत होती, एवढं सरळ होतं ते. मी मांजर शोधत बसले." मग म्हणाल्या, "आवाज बसतो म्हणून कितीतरी लोक पंप सोडतात. शिक्षक सोडतात, वकील सोडतात. पंपाला पुढे प्लास्टिकचा डबा जोडून घ्यायचा, त्याला स्पेसर म्हणतात, आणि घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकायचं. बहुतेकांचा आवाज राहतो. तरीही बसला तर औषध बदलता येतं. मला एकदा सांगायचं होतंत."

दुसरी वेळ रद्द झाली. तीन-चार महिने औषध खरोखर घ्या, मग बघू, असं ठरलं.

सुगंधावहिनीने पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, "जेवायला वाढलंय", "किल्ली ठेवलीय". ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं जयवंत म्हणायचा. एकदाच ती बोलली, आमच्या देखत. "अहो, मी डॉक्टरांसमोर सांगितलं, देवासमोर सांगितलं. लोकांना अभिमानाने सांगत होते, आमचे हे किती नियमाने घेतात. तुम्ही बाजूला बसून ऐकत होतात." मांजर परत आणायला ती बोरिवलीला गेली, तर मांजर बहिणीच्या घरी रुळली होती, वहिनीकडे आलीच नाही. वहिनी तशीच परतली.

मानसीने ऑफिसात विचारून बघितलं. बंगळुरूची जागा गेली होती. काही महिन्यांनी तिथलंच दुसरं काम मिळालं, पहिल्यापेक्षा लहान, तरी ती गेली. जाताना बापाच्या पाया पडली. पण औषधाचं काही बोलली नाही.

सगळ्यात अवघड होतं मालाडला जाणं. जयवंतने मला बरोबर नेलं, पण दाराशी आल्यावर म्हणाला, तू खालीच थांब. मी जिन्यातच उभा राहिलो, त्यामुळे ऐकू आलं. जयवंतने सगळं सांगितलं. मोरी, नळ, आकडा. मग नंदकुमारबुवा म्हणाले, "माझ्या तोंडान तू देवाक खोटा सांगूक लावलंस."

"व्हय."

"भिंतीकडे तोंड करून पडलंस. माका वाटला, रडतंस."

"रडतच होतंय."

"जा तू, जयवंता," नंदकुमारबुवा म्हणाले. "माका आता काय बोलवना नाय. जा."

त्यांनी त्यानंतर पुन्हा बाऱ्या घ्यायला सुरुवात केली. जयवंतबरोबर मात्र नाही. आयोजकांनी विचारलं की म्हणतात, दुसरा बुवा बघा. कारण कोणाला सांगत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण आपल्या लोकांत गोष्टी राहत नाहीत. आता विक्रोळीपासून मालाडपर्यंत भजनातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दमा कोणाला कळू नये म्हणून त्याने एवढं केलं. आज त्याच्या दम्याबद्दल कोणी काही बोलत नाही, बोलतात ते खोट्याबद्दल.

औषधाने फरक पडला, आणि तो बघून जयवंत अधिकच खाली बघायला लागला. दोन महिन्यांत जिना न थांबता चढायला लागला. शिट्टी जवळजवळ गेली. हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ आली नाही. आवाज सुरुवातीला थोडा जड झाला, मग स्पेसर आणि गुळण्यांनी बराचसा परत आला. वरचा सूर पूर्वीइतका टिकत नाही, पण ते वयानेही असेल. चार महिन्यांनी डॉक्टर देवधरांनी श्वासाची तपासणी बघितली आणि पुढच्या दोन्ही वेळांची गरज नाही असं सांगितलं. "यातलं किती औषधाचं आणि किती त्या एका वेळच्या शेकाचं?" त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

त्या दिवशी बाहेर बाकावर हिरूबाय भेटली. तिच्या तिन्ही वेळा झाल्या होत्या. मधल्या वेळी फार त्रास झाला, आठवडा काढला हॉस्पिटलात, पण त्यानंतर एकदाही भरती नाही. पंप चालूच होते, पिशवी गळ्यात होतीच. पहाटे बोटीवर मासळी आणायला आता ती स्वतः जाते, नवऱ्याला पाठवावं लागत नाही, हे तिने सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं सांगितलं. मग जयवंतला म्हणाली, "दादा, डॉक्टरीणबाईनी सांगलां, तुमी तुमची तारीख सोरली, ती मना मिलाली. देव तुमचा भला करो."

जयवंत उभा राहिला. "ती तुमचीच होती," एवढंच म्हणाला आणि औषधाच्या दुकानाकडे निघाला. ती मागून हाक मारत होती, कोलंबी पाठवते म्हणून पत्ता विचारत होती. तो थांबला नाही.

हल्ली तो बारी करत नाही. गुरुवारी आमच्या मंडळात साधं भजन असतं, तिथे येतो, खालच्या पट्टीत दोन अभंग म्हणतो आणि पेटी दुसऱ्याकडे सरकवतो. गजर धरायला कोणी सांगितलं तर हसतो. सुगंधावहिनीचं बोलणं हळूहळू सुरू झालं. घरात पुन्हा फोडणीचा वास येतो.

मानसीचा फोन रविवारी सकाळी येतो. गेलं वर्षभर ती आईला विचारते, "बाबांचं औषध?" वहिनी सांगते, "चालू आहे." बापाशी ती हवापाण्याचं, क्रिकेटचं बोलते. तो विषय त्याच्याशी काढत नाही, आणि तोही काढत नाही.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. फोन आला. मानसीने नेहमीचा प्रश्न विचारला असावा, कारण सुगंधावहिनीने क्षणभर विचार केला आणि फोन जयवंतच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

त्याने फोन कानाला लावला. "मानसी," तो म्हणाला, "काल रात्रीचा राहिला बघ. टीव्ही बघत झोपलो. आज सकाळी उठल्यावर आठवलं, मग घेतला."

जयवंतने फोन दुसऱ्या कानाला लावला, त्याचा चेहरा लाल झाला होता, शाळेतल्या पोरासारखा. वहिनी ओट्याजवळ पाठमोरी उभी राहून भांडं घासत होती, पण पाणी बंद केलेलं होतं.

मग मानसीचा आवाज आला, मलाही ऐकू आला. "बरं. टीव्हीशेजारीच ठेव ना मग, बाबा. समोर दिसेल."

"ठेवतो," जयवंत म्हणाला. "तिकडे पाऊस कसा आहे गो?"